धानात बुडालेला तलाव

आमच्या गावचा तलाव मी बुडवला. भंडाऱ्यात हार्डवेअरच्या दुकानावरच्या मजल्यावर, पंख्याखाली खुर्चीत बसून, अर्धा कप चहा संपायच्या आत बुडवला. आता हे मी हसत सांगते. तेव्हाचा एक महिना मात्र मला धड झोप नव्हती.

मी ज्या कंपनीत काम करत होते तिचा धंदा नकाशे तयार करण्याचा. कंपनी म्हणजे सहा संगणक, सात माणसं आणि एक सर. उपग्रहाने काढलेलं चित्र पडद्यावर उघडायचं आणि माऊसने एकेका गोष्टीभोवती रेघ ओढायची. हे शेत, हे रान, हा रस्ता, हे पाणी. रेघ पुरी झाली की आत रंग भरायचा. शाळेत रंग रेघेबाहेर गेला की बाईंचा धपाटा बसायचा, तीच विद्या इथे पगार देत होती. शेतीच्या पदवीचा उपयोग काय, असं विचारणाऱ्या नातेवाइकांना मी 'उपग्रहाच्या कामात आहे' असं सांगायचे. मग ते पुढे काही विचारत नसत.

उपग्रहाचं चित्र पहिल्यांदा पाहणाऱ्याची निराशा होते. लोकांना वाटतं, वरून त्यांच्या अंगणातली तुळस दिसत असेल. आम्हाला मिळणाऱ्या चित्रात एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे दहा मीटर. आमचं घर, शेजाऱ्याचं घर, मधला गोठा आणि दोन घरांच्या भांडणाचं मूळ असलेली ती सांदी, हे सगळं मिळून दोन-तीन ठिपके. सर नव्या माणसाला समजावून सांगायचे, "उपग्रह म्हणजे घरातला कर्ता माणूस. त्याला अख्खं घर एका नजरेत दिसतं, पण कोणाच्या ताटात काय आहे ते दिसत नाही. ड्रोनने किंवा विमानातून काढलेला फोटो म्हणजे शेजारीण. तिला ताटातली चटणीसुद्धा दिसते. पण तिला बोलवावं लागतं, आणि एकदा आली की सगळं तिच्या तब्येतीने." सरांचं स्वतःच्या शेजारणीशी पटत नसे, त्यामुळे ते शक्यतो उपग्रहावरच भागवायचे.

उपग्रहाच्या चित्रात संशय आला तर त्या गावी जाऊन पाहायचं, असा नियम होता. त्यासाठी तक्त्यात 'प्रत्यक्ष पाहणी' असा एक रकाना होता. या रकान्याबद्दल मी फार काटेकोर होते, निदान तशी माझी ख्याती होती. एकोडीला घरांच्या शेजारी निळाशार चौकोन दिसला म्हणून मी बस पकडून गेले. तो लग्नाच्या मांडवावरच्या ताडपत्रीचा निघाला. उपग्रह नेमका लग्नाच्या दिवशी वरून गेला होता. मी पोहोचले तेव्हा मांडव निघून वर्ष झालं होतं आणि नवरी बाळंतपणाला माहेरी आली होती. तिने मला चहा पाजला.

नाकाडोंगरीकडे तर मी अख्खा तलाव काढला होता. गडद, गोलसर, देखणा. जागेवर गेले तर खडकाळ माळ आणि बकऱ्या राखणारा एक म्हातारा. मी तलावाचं विचारलं. तो म्हणाला, "मी जलमापासून इथंच हावो. तलाव काई पायला नाई बाप्पा. पर तू शिकलेली हायेस, चाल पाहू." बिचारा तासभर माझ्याबरोबर झुडपं बाजूला करून तलाव शोधत होता. तो ढगाची सावली होती, हे मला परतीच्या बसमध्ये सुचलं.

इतकी मी कसोशीची. आणि स्वतःच्या गावाची पाळी आली तेव्हा मी गेलेच नाही.

आमचं गाव अड्याळच्या अलीकडे, मुख्य रस्त्यापासून थोडं आत. पडद्यावर ते उघडलं तेव्हा मी मनात म्हटलं, आपलंच गाव, त्यात काय पाहायचं? नाला काढला, रस्ता काढला, घरं काढली. गावाच्या उगवतीला एक मोठा सपाट हिरवा तुकडा होता, चारी बाजूंनी धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची बांध घातलेली शेतं. मी त्यालाही धानात घातलं. रंग भरला, 'प्रत्यक्ष पाहणी' या रकान्यात 'केली' असं लिहिलं आणि चहा संपवला. त्या हिरव्या तुकड्याखाली माणूसभर पाणी होतं.

याला कारण शिंगाडा. आम्ही ढिवर. तलावातली मासोळी आणि शिंगाडा यांवर आमच्या घरांचं पोट. पावसाळ्याच्या सुरुवातीला बाया तलावात शिंगाड्याची वेल सोडतात आणि दसऱ्यापर्यंत तिची पानं पसरून पाणी पार झाकून टाकतात. काठावर उभं राहिलं तर हिरवी सतरंजी अंथरल्यासारखं वाटतं. नवखी बकरी हमखास फसते आणि आत पाय टाकते. पण बकरी एकदाच फसते, आणि तिने शिंगाडे खाऊन कृषीची पदवी घेतलेली नसते. उपग्रहाला हिरवा शिंगाडा आणि हिरवं धान यांतला फरक कळला नाही, हे समजू शकतं. मला न कळायला काय झालं होतं, याचं उत्तर माझ्याजवळ अजून नाही. गाव मी कधी वरून पाहिलंच नव्हतं, आणि त्या वेळी खालून पाहायचा कंटाळा केला.

दिवाळीच्या आधी आत्याचा फोन आला. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. गावच्या अकरा बायांच्या गटाची ती पुढारी, आणि तो तलाव या गटाकडे ठेक्याने होता.

"पोरी, तू नकाशाच्याच हापिसात हायेस ना?"

"हो आत्या."

"मंग मले सांग, आमच्या तलावात धान कोनं लावलं?"

मी पडद्यावर आमचं गाव उघडलं. ती पुढे म्हणाली, "ग्रामपंचायतीत नवा नकाशा लावला हाय. मास्तरनं वाचून सांगतला. नाला हाय, मारुती हाय, बुद्धविहार हाय, मोबाइलचा टावर बी हाय. तलाव नाई. थ्या जागी धान हाय म्हन्ते. मी म्हनलं, मास्तर, काल दिवसभर मी गळ्यापर्यंत कायच्यात उभी होती मंग?"

आत्या सांगत होती ते असं. तलावांच्या ठेक्याची नवी यादी याच नकाशावरून होणार होती. गटाचा ठेका यंदा संपत होता. महिन्याभरात हरकत घेऊन दुरुस्ती झाली नाही, तर यादीत तलाव नाही. आणि यादीत तलाव नसला तर ठेका कशाचा?

"अकरा घरं हायेत वं," ती म्हणाली. "कुठं जातीन थे?"

त्या वेळी मी खरं सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "आत्या, थे सॅटेलाइटची चूक हाय." एरवी मी फोनवर पुस्तकी बोलते. खोटं बोलताना मात्र मला गावची भाषा आपोआप येते.

"सॅटेलाइटची?"

"हो. थे लई वरून पायते ना."

आत्याने विश्वास ठेवला. संध्याकाळपर्यंत अख्ख्या गावाने ठेवला. पानठेल्यावर उपग्रहाला आई-बहिणीवरून शिव्या बसल्या. तो चीनचा असणार, असं एकाने खात्रीने सांगितलं. सरपंचांनी चौकात उभं राहून उपग्रहाचा जाहीर निषेध केला. तो बिचारा आपल्या वेळेला वरून जात होता, दिसेल ते टिपत होता, आणि माझं पाप त्याच्या नावावर जमा होत होतं.

दुसऱ्या दिवशी मी सरांकडे गेले. म्हटलं, एक तलाव चुकून धानात गेलाय, तेवढा निळा करते. सरांनी तक्ता काढला. "इथं तर तूच पाहणी केलीस. केलीस ना?"

"केली सर. जरा घाईत झाली."

"घाईत तलाव दिसला नाही?"

मी तक्त्यातली बाकीची गावं वाचू लागले. सर म्हणाले, "हे बघ, नुसता उपग्रहाचा अंदाज असता तर आपण इथेच बदलला असता. पण माणसाने जाऊन पाहिलं आणि धान आहे असं लिहिलं. आता ते खोडायला भक्कम पुरावा लागेल. जुनी चित्रं काढ. एका तरी तारखेला पाणी दाखव." म्हणजे माझ्या एका शब्दाने तलाव गेला होता, आणि तो शब्द मागे न घेता मला तो परत आणायचा होता.

मी वर्षभराची चित्रं उघडून बसले. पावसाळ्यात तलाव तुडुंब असतो, पण तेव्हा चित्रात नुसते ढग. एकदा ढग थोडे फाटले होते, त्यातून मोबाइलचा टॉवर तेवढा दिसला असावा. पाऊस संपून आभाळ मोकळं होतं तोवर शिंगाडा पसरलेला. धान कापल्यावर शेतं पिवळी पडतात आणि तलाव हिरवाच राहतो, म्हणून मी तेही दाखवलं. सर म्हणाले, "धानाच्या मागे लाखोळी पेरतात. ती पण हिरवीच." उन्हाळ्याचं चित्र काढलं तर तलाव आटलेला, नुसतं मातकट मैदान; तेव्हा तिथे पोरं क्रिकेट खेळतात, गुरं चरतात. बारा महिन्यांत उपग्रहाला आमचा तलाव म्हणून एकदाही भेटला नव्हता. त्याच्या हिशेबी तिथे ढग होते, मग शेत होतं, मग मैदान होतं. मला पहिल्यांदाच त्याचा खरा राग आला.

तेवढ्यात आत्या स्वतःच ऑफिसात हजर झाली. सोबत गटातली एक बाई. आत्याने पायऱ्या चढून दम घेतला आणि सरांना हात जोडून म्हणाली, "मले थे सॅटेलाइट दाखवा." सरांनी तिला खुर्ची दिली आणि पडद्यावर चित्र उघडलं. झाडोरा ठळक दिसावा म्हणून आम्ही कधीकधी चित्राचे साधे रंग बदलतो, त्यात हिरवं ते लाल दिसतं. आत्या पडद्याजवळ सरकली.

"हे लाल काय हाय?"

"ते हिरवं आहे," सर म्हणाले.

"हिरवं लाल हाय?"

"हो, म्हणजे दाखवताना लाल दाखवतो."

"आन पानी?"

"पाणी काळं दिसतं."

आत्या सोबतच्या बाईकडे वळली. "पाय वं. हिरव्याले लाल म्हन्ते, पान्याले काळं म्हन्ते, आन आमाले म्हन्ते पुरावा आना." सरांना हसू आवरेना. मला मात्र ती माझ्याकडे वळून हसली तेव्हा जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. जाताना तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि सरांना सांगितलं, "पोरगी लई झटून रायली आमच्यासाठी."

या भेटीने सर विरघळले. शेजारच्या गावात घरांच्या मोजणीसाठी ड्रोनवाला येणार होता, त्याला तासभर आमच्या तलावावर फिरवतो म्हणाले. ड्रोन खालून उडतो, पाच-सहा बोटांएवढी वस्तूसुद्धा त्याच्या फोटोत ओळखू येते. पण पानांखालचं पाणी ड्रोनलाही दिसत नाही. म्हणून गटाची बैठक बसली आणि मी भीत भीत सुचवलं, की मधला थोडा वेल उपटला तर पाणी उघडं पडेल.

शिंगाडा निम्माही निघाला नव्हता. मग आत्या म्हणाली, "तलाव दिसाव म्हनून शिंगाडा उपटाचा. आन शिंगाडाच नसला त आमाले तलाव कायले पाह्यजे?" शेवटी ठरलं, की वेल तसाच ठेवायचा आणि ड्रोन येईल तेव्हा सगळ्यांनी ट्रकच्या ट्यूबवर बसून रोजच्यासारखा शिंगाडा तोडायचा. धानाच्या शेतात ट्यूबवर तरंगणारी बाई अजून कोणी पाहिलेली नाही.

मी सगळ्यांना बजावून सांगितलं होतं, की रोजचंच काम करायचं, रोजच्याच कपड्यांत. त्या दिवशी सकाळी पाळीवर, तलावाच्या बांधावर, जाऊन पाहते तर अकराही बाया लग्नाकार्यातल्या साड्या नेसून, केसांत फुलं माळून ट्यूबवर बसलेल्या. आत्याने जरीची मोरपंखी साडी गुडघ्यापर्यंत खोचली होती.

"आत्या, हे काय?"

"फोटू रोज रोज निघते का वं? वरचा थो आमाले वळखत नाई म्हन्ते. चांगलं दिसू दे एकडाव."

सरपंच कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात पाळीवर उभे होते, हात जोडून, मान वर करून. ड्रोनवाला नागपूरचा, काळ्या गॉगलचा, कमी बोलणारा माणूस. तो म्हणाला, "सरपंच साहेब, उभ्या माणसाचं वरून फक्त डोकं दिसते."

सरपंचांनी डोक्यावरून हात फिरवला. तिथे दाखवण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. "मंग चेहरा कसा येईन?"

"आडवं व्हावं लागन."

त्याने हे थट्टेने म्हटलं असावं. सरपंचांनी कोणाकडून तरी चादर मागवली, ती पाळीवर अंथरली आणि छातीवर हात जोडून उताणे पडले. पुढचा पाऊण तास ते हलले नाहीत. ड्रोन नांगर चालावा तसा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओळीमागून ओळ काढत फिरला. मध्येच दोन घारी त्याच्या मागे लागल्या, म्हणून तो खाली उतरवावा लागला. बाया तोवर वर पाहून हसत होत्या, हात हलवत होत्या. शिंगाडा त्या दिवशी फार कमी निघाला.

आकाशातून काढलेल्या फोटोचीही एक खोड आहे, ती मला तेव्हा नीट कळली. ड्रोन एक मोठा फोटो काढत नाही. तो शेकडो लहान फोटो काढतो आणि संगणक त्यांची गोधडी शिवतो. एका फोटोतली खूण दुसऱ्या फोटोत सापडली की टाका घालायचा. घर, झाड, रस्ता जागचे हलत नाहीत, म्हणून तिथे टाका नीट बसतो. ट्यूबवरच्या बाया काही जागेवर बसत नाहीत. एका फोटोत इकडे, दुसऱ्यात तिकडे. गोधडी शिवून झाली तेव्हा तलावात एकोणीस बाया होत्या. एकटी आत्या तीन ठिकाणी होती, तिन्ही ठिकाणी मोरपंखी. आणि तलावाच्या मध्यावर, जिथे ट्यूब फिरून वेल बाजूला सरला होता आणि खरोखरच उघडं पाणी दिसत होतं, तिथे संगणकाला एकही खूण सापडली नाही. एक लाट दुसऱ्या लाटेसारखीच. तिथे त्याने पांढरं भोक ठेवून दिलं. इतका खटाटोप करून जे दाखवायचं होतं, नेमकी तेवढीच जागा कोरी.

हरकतींची सुनावणी तालुक्याच्या ठिकाणी होती. अधिकारी चष्मा कपाळावर सरकवून फोटोचा मोठा कागद पाहत होते. समोर सर, मी, सरपंच, आत्या आणि आणखी दोन बाया.

"यात पाणी कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

मी बोट ठेवलं. "हे पांढरं भोक, साहेब."

"म्हणजे जिथे फोटो नाही, तिथे पाणी आहे?"

"हो साहेब."

त्यांनी मला एकदा आपादमस्तक पाहिलं. "गटात बाया किती?"

"अकरा."

"मी एकोणीस मोजल्या."

आत्या खुर्चीतून उठली, टेबलाजवळ गेली आणि कागदावर बोट टेकवत म्हणाली, "साहेब, हे मी. हे बी मी. आन हे तिकडं हाय ना, हे बी मीच."

"एकाच वेळी?"

"कामाले जास्ती हात लागतेत साहेब."

साहेबांच्या मिशीखाली काहीतरी हललं. मग ते फोटोतल्या पाळीवर झुकले. "हा माणूस कोण पडलाय? काही दुर्घटना झाली होती का त्या दिवशी?"

सरपंच घसा खाकरून उभे राहिले. "मी हावो साहेब. जित्ता हावो."

सगळे हसले, मीही हसले, आणि मला वाटलं, जमलं आता. पण साहेबांनी कागदाची घडी घातली, चष्मा डोळ्यांवर घेतला आणि तक्ता पुढे ओढला. "हे बघा, तलाव असेल. मला वाटतं आहेच. पण इथे लिहिलंय, प्रत्यक्ष पाहणी केली, धान आढळलं. उपग्रहाचं चित्र असो की ड्रोनचा फोटो, माणसाने जागेवर जाऊन पाहिलेलं त्याच्या वर धरतात. एकोणीस बाया आणि एक भोक यांच्या आधारे मी ते खोडू शकत नाही. हरकत फेटाळावी लागेल."

आत्याला 'फेटाळावी' कळलं. ती पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत राहिली. हाताची बोटं शिंगाड्याने काळी झालेली होती, काट्यांनी जागोजाग टोचलेली. मी ती बोटं पाहिली आणि मला स्वतःची इतकी किळस आली, की माझ्या आधी माझी खुर्चीच मागे सरकली.

"साहेब, पाहणी झालीच नाही."

"काय?"

"मी गेले नव्हते. ऑफिसात बसून 'केली' असं लिहिलं. ते माझंच गाव आहे, म्हणून गेले नाही."

सर माझ्याकडे पाहत होते, सरपंच माझ्याकडे पाहत होते. आत्याकडे पाहायची माझी छाती झाली नाही. साहेब मात्र मला ओरडले नाहीत. उलट त्यांचा चेहरा मोकळा झाला. त्यांनी पेन काढलं. "मग हे पहिल्याच दिवशी का नाही सांगितलं? पाहणी नाही, तर नोंदच नाही. रद्द. सर, आठ दिवसांत नवी पाहणी करून पाठवा. मी स्वतः कोणाला तरी सोबत देतो. तलाव असला तर यादीत जाईल." सही करायला त्यांना एक मिनिट लागलं असेल. म्हणजे ड्रोन नको होता, घारी नको होत्या, मोरपंखी साडी नको होती, सरपंचांनी उताणं पडायला नको होतं. माझं एक वाक्य पुरलं असतं, आणि ते एक महिना माझ्या तोंडात अडकून होतं.

बाहेर आल्यावर सरपंचांनी मला एवढंच विचारलं, "मंग सॅटेलाइटची काईच चूक नवती?" मी मान हलवली. ते विचारात पडले. त्यांनी चौकात केलेला निषेध आता मागे कसा घ्यायचा, हा त्यांचा प्रश्न असावा. पुढचे सहा महिने सरांनी मला फक्त रस्ते काढायला दिले. रस्ते सरळ असतात आणि कोणाच्या पोटावर येत नाहीत, असं त्यांचं म्हणणं.

चार दिवसांनी मी पाहणीला गेले. साहेबांनी दिलेला माणूस पाळीवर बाभळीखाली बसला आणि म्हणाला, तुम्ही करा, मी पाहतो. मी फोन हातात धरून अख्ख्या तलावाला फेरी मारली, जागोजाग खुणा घेतल्या. दोन ठिकाणी पाय मांडीपर्यंत गाळात गेला आणि चप्पल तिथेच राहिली. मग आत्याने ट्यूब पुढे केली. त्यावर बसून बांबूने खोली मोजली. मध्यावर बांबू जेमतेम पुरला. अख्ख्या दिवसात आत्या माझ्याशी कामापुरतं बोलली. इकडं हो, तिकडं वेल हाय, हात सांभाळ, एवढंच. बाकीच्या बाया हसत-खिदळत होत्या, त्यामुळे तिचं गप्प राहणं मला जास्तच टोचत होतं.

ऊन उतरलं. साहेबांचा माणूस सही करून बसने निघून गेला. तलाव आता कागदावर आला होता आणि यादीत जाणार होता. बाया एकेक करून काठाला लागल्या. आत्या अजून पाण्यातच होती, वेल उलटवून खालचे शिंगाडे खुडत होती. मी माझी ट्यूब तिच्याजवळ नेली. हातांना काटे टोचून आग होत होती.

"आत्या, चूक झाली माह्याकून."

तिने आणखी तीन-चार शिंगाडे खुडले. मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "सॅटेलाइटले मी थ्याच दिवशी माफ केलं होतं. थे बिचारं कवा आलं आपल्या घरी? थ्याले काय म्हाईत, इथं कोन रायते, काय खाते. तुले त म्हाईत होतं ना वं? तुह्या कालेजची फी याच तलावातून निघाली."

मी रडायला लागले. ट्यूबवर बसून रडणं फार अवघड असतं, ती सारखी गोल फिरते. आत्याने हात लांब करून माझी ट्यूब धरली आणि थांबवली.

"तुले माफ कराले टाइम लागन," ती म्हणाली.

"किती?"

"पाहू ना." तिने शिंगाड्यांनी भरलेलं टोपलं उचलून माझ्याकडे दिलं. "तवापर्यंत हे धर."